मुरगळलेला घोटा आणि मैदानात परत जाण्याची घाई

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. व्हॉलीबॉल खेळताना जाळ्याजवळ ब्लॉकसाठी उडी मारलीत, खाली येताना पाऊल समोरच्या खेळाडूच्या बुटावर पडलं आणि उजवा घोटा आत वळला. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसलं नाही. ‘साधी मुरगळ आहे, तीन आठवडे विश्रांती घ्या,’ असं सांगण्यात आलं आणि तुम्ही ती इमानेइतबारे घेतली. सूज उतरली, चालताना दुखायचं थांबलं, चौथ्या आठवड्यात सराव सुरू केला. तिसऱ्याच दिवशी कुणाचा धक्का नाही, पायाखाली कुणाचा पाय नाही, तरी तोच घोटा पुन्हा वळला. त्याला आज पाच दिवस झाले. या खेपेला सूज कमी आहे, पण धास्ती जास्त आहे. लिगामेंट, म्हणजे सांध्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, कायमचं सैल झालं का, एमआरआय करावा का आणि सहा आठवड्यांवर आलेली स्पर्धा खेळता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. लिगामेंट कायमचं गेलं असं इतक्यात म्हणायचं काही कारण नाही. एमआरआयची आज बहुधा गरज नाही, पण अनुभवी हाताने घोटा तपासून घ्यायची गरज नक्की आहे आणि तीही याच दोन-तीन दिवसांत. स्पर्धा खेळता येऊ शकेल. मात्र तो निर्णय तारखेकडे बघून घेऊ नका, घोटा काय काय करून दाखवतो ते बघून घ्या. पहिल्या वेळी तुम्ही कुठे कमी पडलात असं मला वाटत नाही. तुम्हाला विश्रांती सांगितली गेली, घोट्याची तयारी कुणी सांगितलीच नाही. गेली बावीस वर्षं मी खेळाडूंच्या दुखापतींवर काम करते आहे आणि तुमच्यासारखी गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती ऐकताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच दुसऱ्या मुरगळी टाळता आल्या असत्या.

घोटा बहुतेक वेळा आतच का वळतो ते समजून घ्या. पुढचे सगळे व्यायाम तिथूनच निघतात. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड मिळून खाली एक खोबण तयार होते. त्या खोबणीत पावलाचं टॅलस नावाचं हाड बसतं. हे हाड पुढे रुंद, मागे अरुंद. पाऊल वर ओढलेलं असलं की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग तिथे येतो आणि सांध्यात जागा उरते. उडीवरून खाली येताना चवडा खालीच असतो. म्हणजे पाय जमिनीला टेकतो त्या नेमक्या क्षणी हाडांचा आधार सगळ्यांत कमी असतो आणि सगळी भिस्त लिगामेंट आणि स्नायूंवर असते. शिवाय बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असतो, त्यामुळे पाऊल बाहेर वळताना अडतं आणि आत वळताना त्याला मोकळीक मिळते. आतल्या बाजूचं लिगामेंट जाड आणि पंख्यासारखं पसरलेलं, तर बाहेरच्या बाजूला तीन सुटे पट्टे. त्यांतला पुढचा पट्टा सर्वांत दुबळा आणि मुरगळताना बहुधा तोच आधी जातो. जोर जास्त असला तर त्याच्या पाठोपाठ टाचेच्या हाडाकडे उतरणारा. मागचा तिसरा क्वचितच फाटतो.

लिगामेंट नुसतं ताणलं गेलं, अर्धवट फाटलं की पूर्ण तुटलं यावरून पहिली, दुसरी, तिसरी अशा ग्रेड ठरतात. सूज आणि दुखणं यांवरून ग्रेडचा अंदाज बांधू नका. पूर्ण तुटलेलं लिगामेंट कधी कधी अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी दुखतं, कारण ताणायला तिथे काही उरलेलंच नसतं. काळानिळा डाग टाचेपर्यंत किंवा बोटांपर्यंत उतरला म्हणून दुखापत पसरली असंही नाही. रक्त खाली ओघळतं, एवढंच.

तुमचा आजचा पाचवा दिवस आहे, ते एका अर्थी चांगलं आहे. पहिल्या दिवशी सूज आणि वेदना यांमुळे आजूबाजूचे स्नायू इतके आवळलेले असतात की तपासणाऱ्याच्या हाताला सांध्याचा ढिलेपणा कळतच नाही. चार-पाच दिवसांनी केलेली तपासणी बरीच जास्त भरवशाची असते हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं होतं. टाच एका हातात धरून पाऊल पुढे ओढायचं आणि दोन्ही पायांची तुलना करायची, अशी ती साधी तपासणी आहे. दुसऱ्या पायाशी तुलना महत्त्वाची, कारण काही जणांचे सांधे जन्मतःच सैल असतात.

फ्रॅक्चरचा प्रश्न दुसऱ्या मुरगळीनंतर नव्याने विचारायला हवा. पहिला एक्स-रे या वेळच्या हाडाबद्दल काही सांगत नाही. कॅनडातल्या ओटावा इथे इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम मांडले आणि ते आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या भागात दुखत असेल आणि बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या ६ सेंटिमीटरांत किंवा अगदी टोकावर, दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल आणि करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर लागणारा हाडाचा उंचवटा किंवा आतल्या बाजूचं, कमानीच्या वरचं हाड दाबल्यावर दुखत असेल तरीही काढायचा. आणि दुखापत झाल्याबरोबर आणि तपासणीच्या वेळी, दोन्ही वेळा चार पावलंही टाकता आली नसतील तर काढायचाच. लंगडत टाकलेली चार पावलंही चालतात. यांतलं काहीच नसेल तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता फारच कमी. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी जास्त सावध असते, कारण त्यांची हाडाची वाढीची जागा लिगामेंटपेक्षा नाजूक असू शकते.

एक गोष्ट मुद्दाम तपासून घ्या. दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या पुढच्या बाजूला दोन हाडांच्या मधे आहे का? पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं हातांनी एकमेकांकडे दाबली तर खाली घोट्यापाशी कळ येते का? पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवल्यावर दुखतं का? उत्तर हो असेल तर ती वेगळी दुखापत आहे. दोन हाडांना एकत्र बांधून ठेवणारं वरचं लिगामेंट दुखावलेलं असू शकतं. तिला साध्या मुरगळीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कधी शस्त्रक्रियाही लागते, आणि खाली मी लिहिलेला क्रम तिला तसाच लागू होत नाही. एमआरआयचा विचार अशा संशयात करायचा, किंवा नीट व्यायाम करूनही सहा-आठ आठवड्यांनी सांध्याच्या आत खोल दुखत असेल, सांधा अडकत असेल, तर करायचा. टॅलसच्या कूर्चेला इजा झाली असली की ती अशी मागून डोकं वर काढते. नुसतं ‘लिगामेंट कितपत फाटलंय’ ते बघायला एमआरआय काढून उपचारात सहसा काहीच फरक पडत नाही.

पहिल्या काही दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमचे ते दिवस सरत आलेत. बर्फ लावा, विश्रांती घ्या, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, हा चौपदरी सल्ला इंग्रजीत ‘राइस’ या नावाने ओळखला जातो. तो शब्द १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केला. पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याला मदतीऐवजी उशीर होऊ शकतो. बर्फाने दुखणं कमी होतं, त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं कापडातून लावायला माझी हरकत नसते. दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं सुजेसाठी उपयोगी. पहिले तीन-चार दिवस चोळणं आणि शेक टाळा. गंभीर मुरगळीत दहाएक दिवस प्लास्टर घालून पाय स्थिर ठेवल्याचा फायदा होतो, हे ब्रिटनमधल्या २००९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्यापलीकडे घोटा बांधून ठेवण्यात बहुतेकांचं नुकसानच आहे. दुखणं कमी करायची गोळी झोपण्यासाठी, चालण्यासाठी जरूर घ्या, डॉक्टरांना विचारून. गोळी घेऊन सरावाला मात्र उतरू नका. दुखण्यावरूनच तुम्हाला आणि मला पुढचं पाऊल ठरवायचं आहे.

चालण्याकडे मात्र लक्ष द्या. आधी टाच, मग पूर्ण तळपाय, मग अंगठ्यावरून जोर देऊन पुढे, अशी चाल जमत नसेल तर दोन दिवस कुबड्या घ्या आणि त्यांच्या आधाराने नीट चाला. पाय बाहेर फेकून, गुडघा ताठ ठेवून लंगडत चालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ती लंगडी चाल शरीराच्या इतकी अंगवळणी पडते की दुखणं गेल्यावरही महिनाभर जात नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. धक्का नसताना घोटा पुन्हा का वळला?

लिगामेंट ही नुसती दोरी नाही. तिच्यात मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. पाऊल या क्षणी किती झुकलंय, किती वेगाने झुकतंय, ही खबर ती सतत वर पाठवत असतात. लिगामेंट फाटतं तेव्हा ही खबर देणारी व्यवस्थाही बिघडते. १९६५ मध्ये ब्रिटनमधले अस्थिशल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं. मुरगळीनंतर ज्यांचा घोटा वारंवार ‘दगा देतो’ त्यांच्यात शरीराची ही जाणीव बिघडलेली असते आणि डुलत्या फळीवर तोल सांभाळायच्या सरावाने ती सुधारते, असं त्यांचं निरीक्षण होतं. तपशिलात पुढे बरीच भर पडली, पण आज जगभरच्या फिजिओंच्या खोलीत जो बॅलन्स बोर्ड दिसतो त्याच्या मुळाशी हेच काम आहे. सूज उतरायला विश्रांती पुरते. ही जाणीव विश्रांतीने परत येत नाही.

आणखी एक बारकावा. पाऊल आत वळायला लागलं की पोटरीच्या बाहेरच्या कडेचे पेरोनियल स्नायू ते बाहेर खेचतात. पण वळायला सुरुवात झाल्यावर ते जागे झाले तर उशीर होतो. त्यांचा जोर उभा राहीपर्यंत लिगामेंट ताणून झालेलं असतं. म्हणून निरोगी घोट्यात हे स्नायू पाय जमिनीला टेकायच्या आधीच, हवेत असतानाच सावध होतात. मुरगळून गेलेल्या घोट्यात ही आगाऊ सावधगिरी अनेकदा मंदावलेली असते. तुमच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी बहुधा हेच झालं असावं.

स्वतः करून बघा. आधी डाव्या, म्हणजे चांगल्या पायावर अनवाणी उभे राहा, हात कमरेवर, समोर बघा. मग डोळे मिटा. भिंत हाताशी ठेवा. आता सूज बरीच उतरल्यावर तेच उजव्या पायावर करा. माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या पावलाकडे मी जवळून बघत असते. चांगल्या पावलाच्या पाठीवरच्या शिरा हलक्या हलत राहतात, तळवा जमिनीला चिकटलेला असतो. दुखावलेल्या पायावर डोळे मिटले की दोन-तीन सेकंदांत बोटं आकड्यासारखी वाकून जमीन पकडू लागतात, अंगठ्याचा सांधा उचलला जातो, कंबर एका बाजूला पडते आणि घोट्याने करायचं काम खांदे आणि हात करायला लागतात. खेळाडू चकित होऊन म्हणतो, ‘पण दुखत तर नाहीये!’ तेव्हाच त्याला खरं दुखणं दिसलेलं असतं.

तर घोटा तयार करायचा म्हणजे काय करायचं? पहिलं काम आहे पाऊल वर येण्याची हालचाल परत मिळवणं. ही हालचाल मुरगळीनंतर हमखास कमी होते, आणि ती कमी असताना उडी मारली की घोटा त्या सैल, चवडा-खाली अवस्थेतच अडकतो. मोजायची पद्धत सोपी आहे. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि अंगठा भिंतीपासून जितका दूर नेता येईल तितका न्या. अंतर मोजा. दोन्ही पायांचं. एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे सांध्यात साधारण साडेतीन अंशांचा फरक. मी दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्या खेळाडूला उड्या सुरू करू देत नाही. हीच चाचणी व्यायाम म्हणूनही करायची, दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा वेळा. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं होत असेल तर जोर न करता फिजिओकडून सांधा मोकळा करून घ्या.

दुसरं, ताकद. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेर खेचणं सगळे सांगतात आणि ते करायला हवंच. पंधरा-पंधराचे तीन फेरे, परत येताना सावकाश. पण पोटरीकडे लोक दुर्लक्ष करतात, याची मला खरंच तळमळ वाटते. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक उडी पोटरीतून निघते आणि पोटरीतच उतरते. एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण उचलायची आणि सावकाश खाली आणायची. वर गेल्यावर टाच कुठे झुकते ते आरशात बघा. बाहेरच्या कडेवर कलंडत असेल तर तो फेरा मोजायचा नाही, भार अंगठ्याच्या मुळाशी ठेवून पुन्हा करायचा. चांगल्या पायावर पंचवीस होत असतील तर दुखऱ्यावर निदान बावीस-तेवीस व्हायला हवेत. त्यानंतर गुडघा थोडा वाकवूनही हेच करा, कारण खालच्या थरातला पोटरीचा स्नायू तेव्हा जास्त काम करतो. कंबरेच्या बाजूचे स्नायूही विसरू नका. ते ढिले असले की अख्खा पाय आत पडतो आणि घोट्याला ते निस्तरावं लागतं.

तिसरं तोल. जमिनीवर एका पायावर, मग डोळे मिटून, मग उशीवर किंवा बॅलन्स बोर्डवर, मग तिथे उभं राहून चेंडू झेलत. शेवटचा टप्पा गाळू नका. घोट्याकडे लक्ष असताना सगळ्यांचाच तोल बरा असतो. सामन्यात लक्ष चेंडूवर असतं, त्यामुळे घोट्याने लक्ष नसतानाही आपलं काम करायला शिकायला हवं. कुणाला तरी अनपेक्षित दिशेने चेंडू टाकायला सांगा, मधेच एखादा आकडा ओरडायला सांगा. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. नेदरलँड्समध्ये मुरगळ झालेल्या ५२२ खेळाडूंवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्या घरी करायचा आठ आठवड्यांचा असा कार्यक्रम नेहमीच्या उपचारांना जोडला गेला, तेव्हा पुढच्या वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. आठ आठवड्यांचा, हे लक्षात घ्या. तुमची स्पर्धा सहावर आहे. म्हणजे स्पर्धा झाली तरी कार्यक्रम पुढे चालू राहील.

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला किंवा आखडलेला असेल तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला. एक पायरी खाली या, थांबू नका.

उड्यांबद्दल सांगताना मला एक मुलगी आठवते. माझी सुरुवातीची वर्षं होती. बास्केटबॉल खेळणारी, सतरा वर्षांची, दुसऱ्या ग्रेडची मुरगळ. पाचव्या आठवड्यात ती न लंगडता चालत होती, मैदानाला सरळ फेऱ्या मारत होती, दुखत नव्हतं. मी आठवडे मोजले आणि खेळायची परवानगी दिली. तिला एकदाही बाजूला उडी मारायला लावली नव्हती. आठव्या दिवशी ती परत आली, पहिल्यापेक्षा मोठी सूज घेऊन, आणि त्या मोसमात पुन्हा खेळली नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी खेळाडूला परत पाठवण्याआधी डोळ्यांनी बघते आणि कानांनी ऐकतेही. एका पायावर जागच्या जागी उड्या मारताना चांगला पाय जवळजवळ आवाज करत नाही. तयार नसलेला पाय ‘थप्प’ वाजतो, कारण घोटा धक्का शोषत नाही, तो सरळ हाडांवर येतो. घरी तुम्हीही डोळे मिटून नुसतं ऐका. दोन्ही पायांचा आवाज सारखा येईपर्यंत पुढच्या पायरीवर जायचं नाही.

उड्यांचा क्रम साधा आहे. दोन पायांवर जागच्या जागी, मग पुढे-मागे, मग बाजूला. मग एका पायावर त्याच क्रमाने. मग पायरीवरून एका पायावर उतरून तीन सेकंद स्थिर. मग वळून उतरणं. मग थकल्यावर हेच सगळं, कारण सामन्याच्या शेवटच्या सेटमध्ये पाय ताजे नसतात. एका पायावर जमिनीवरच्या रेषेपलीकडे-अलीकडे बाजूला मारलेल्या उड्या ही माझ्या मते सगळ्यांत बोलकी चाचणी आहे. सरळ पळणं जवळपास सगळ्यांना जमतं, घोटा उघडा पडतो तो बाजूच्या हालचालीत.

मैदानात परत जाण्याचा निर्णय घ्यायला २०२१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकमताने पाच बाबी मांडल्या: दुखणं, घोट्याची हालचाल आणि ताकद, खेळाडूला स्वतःला काय वाटतं, तोल आणि नियंत्रण, आणि खेळातल्या प्रत्यक्ष हालचाली. मी आकड्यांत असं बघते. चोवीस तासांत दुखणं-सूज वाढत नाही. भिंतीच्या चाचणीत फरक दीड सेंटिमीटरच्या आत. एका पायावर उभं राहून दुसरा पाय समोर जितका लांब नेता येतो त्या अंतरात दोन्ही पायांचा फरक ४ सेंटिमीटरपेक्षा कमी. उड्यांच्या चाचण्यांत दुखरा पाय चांगल्याच्या निदान ९० टक्के. आणि पूर्ण सराव, खेळाच्या वेगाने, तीन-चार वेळा बिनातक्रार पार.

खेळाडूला काय वाटतं ही बाब तोंडदेखली नाही. तुम्ही लिहिलंय की उजव्या पायावर उतरताना ‘आत काहीतरी आखडतं’. ती भीती अंगात घेऊन खेळलात तर तुम्ही नकळत सगळा भार डाव्या पायावर घ्याल, नजर चेंडूवरून पायाकडे जाईल. भीती नुसत्या समजावण्याने जात नाही. शंभरदा नीट उतरल्यावर ती जाते. म्हणून उड्यांचा टप्पा घाईत उरकू नका.

तुमच्या खेळासाठी एक खास काम आहे. व्हॉलीबॉलमध्ये घोटे सगळ्यांत जास्त मुरगळतात ते जाळ्यापाशी, समोरच्या किंवा आपल्याच खेळाडूच्या पायावर उतरताना. नॉर्वेमध्ये रोआल्ड बार आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंना उडी घेण्याचं-उतरण्याचं तंत्र, बॅलन्स बोर्डचा सराव आणि मधल्या रेषेबाबतची जागरूकता शिकवली. १९९७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की घोट्याच्या मुरगळी निम्म्यावर आल्या. म्हणजे तुमच्या पहिल्या अपघातातही शिकण्यासारखं काही आहे. स्पाइक मारताना शेवटचं पाऊल लांब टाकून पुढे तरंगत जाण्याऐवजी वर उडी घ्या, दोन्ही पायांवर उतरा, आणि ब्लॉकला शेजारच्या खेळाडूबरोबर सरकताना दोघांच्या पायांमधे जागा राहील असा सराव प्रशिक्षकांसमोर करा. आधी समोर कुणी नसताना, मग जाळ्यापलीकडे माणूस उभा करून, सगळ्यांत शेवटी सामन्यासारखं.

ब्रेस, म्हणजे घोट्याला बाहेरून आधार देणारा पट्टा, घाला. पुन्हा मुरगळण्याचा धोका ब्रेसने किंवा टेपने लक्षणीय कमी होतो, आणि तो फायदा आधी मुरगळलेल्यांनाच सर्वांत जास्त होतो. ब्रेसने घोटा दुबळा होतो ही समजूत आहे, तिला आधार नाही. दुबळा होतो तो व्यायाम सोडल्यामुळे. टेप खेळताना अर्ध्या तासात बराच सैल होतो आणि नीट बांधणारा माणूस लागतो, म्हणून मी तुम्हाला लेस आणि पट्ट्यांचा ब्रेसच सुचवेन. स्पर्धेपुरता घालू नका. निदान वर्षभर प्रत्येक सरावात आणि सामन्यात घाला. तोलाचे व्यायाम मात्र ब्रेस काढूनच करायचे. नुसती लवचीक क्रेप पट्टी सूज धरायला ठीक, घोटा वळताना ती काहीच अडवत नाही.

मुरगळ म्हणजे किरकोळ, असं समजून सोडून दिलेल्या घोट्यांपैकी बऱ्याच जणांना वर्षभरानंतरही घोटा दगा देत असल्याची तक्रार राहते. काही अभ्यासांत हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. पण यांतल्या अनेकांनी व्यवस्थित व्यायाम कधी केलेलाच नसतो. तीन-चार महिने मनापासून व्यायाम करूनही घोटा सपाट जमिनीवर वळतच राहिला तर अस्थिरोगतज्ज्ञांशी लिगामेंट शिवून घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल जरूर बोला. ती चांगली शस्त्रक्रिया आहे. मात्र तिच्यानंतरही वरचे सगळे व्यायाम करावेच लागतात. याखेरीज पावलाच्या पाठीवर बधिरपणा असेल, बाहेरच्या घोट्यामागे शीर टकटक सरकत असेल, किंवा पोटरी एकदम सुजून गरम होऊन दुखत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. पोटरीची तक्रार असेल तर त्याच दिवशी.

सहा आठवड्यांचं गणित मी असं मांडते. या आठवड्यात तपासणी, नीट चाल, भिंतीचा व्यायाम, दोन पायांवर टाचा उचलणं. दुसऱ्या आठवड्यात एका पायाची ताकद आणि तोल, सायकल किंवा पोहणं. तिसऱ्यात पळणं आणि दोन पायांच्या उड्या. चौथ्यात एका पायाच्या उड्या, दिशा बदलणं, जाळ्यापासून दूर चेंडूचा सराव. पाचव्यात जाळ्यापाशी. सहाव्यात पूर्ण सराव. प्रत्येक पायरीची चाचणी पार झाली तरच पुढची. तिसऱ्या आठवड्यात अडकलात तर स्पर्धा सोडा, प्रशिक्षकांना तेव्हाच सांगा म्हणजे त्यांनाही दुसरा खेळाडू तयार करायला वेळ मिळेल. आणि पाचव्याच्या शेवटी सगळं जमत असून फक्त मोठ्या रॅलीनंतर घोटा जड होत असेल, तर पूर्ण सामन्याऐवजी एखाद-दोन सेट खेळायचं त्यांच्याशी ठरवा.

उद्या सकाळी उठल्यावर भिंतीपाशी उभे राहून दोन्ही पायांचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. दर तीन दिवसांनी पुन्हा मोजा. तपासणीत वरच्या लिगामेंटचा संशय आला किंवा घोटा फारच सैल आढळला तर मला ते आकड्यांसकट कळवा, आपण क्रम बदलू.